वासराचा न्यूमोनिया: जंतू नाकातच असतात, मग आजार कधी होतो?

डिसेंबर-जानेवारीत निफाड, धुळे, जळगाव पट्ट्यात रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली गेला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्याच्या बातम्या येतात. त्याच दिवसांत गोठ्यात वासरं ढासायला लागतात. त्याची बातमी होत नाही. महिना-दीड महिन्याची चांगली उड्या मारणारी कालवड एका संध्याकाळी दूध अर्धवट सोडते, दुसऱ्या दिवशी कान पाडून कोपऱ्यात बसते आणि आठवड्याच्या आत जाते. शेजारची कालवड त्याच गोठ्यात, त्याच दुधावर ठणठणीत असते. मग ‘नजर लागली’, ‘दूध बाधलं’, ‘डॉक्टर उशिरा आला’ अशी कारणं निघतात. खरं कारण बहुतेक वेळा तीन-चार आठवडे आधी घडून गेलेलं असतं.

न्यूमोनिया म्हणजे फुफ्फुसाची सूज. श्वासातून आलेली हवा जिथे रक्तात मिसळते, त्या बारीक पिशव्यांमध्ये हवेऐवजी पू, पाणी आणि मेलेल्या पेशी साचतात. वासरांत शेवटचा घाव बहुतेकदा जिवाणूंचा असतो. म्हणून या लेखात जास्त बोलायचं आहे ते जिवाणूंबद्दल आणि त्यांना वाट मोकळी करून देणाऱ्या आपल्या सवयींबद्दल.

जंतू बाहेरून येतात का?

यातले मुख्य जिवाणू चार. पाश्चुरेला मल्टोसिडा, मॅनहाइमिया हिमोलिटिका, हिस्टोफिलस सोम्नाय आणि मायकोप्लाझ्मा बोव्हिस. नावं पाठ करायची गरज नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की यातले पहिले दोन कित्येक निरोगी वासरांच्या नाकात आणि घशात आधीपासूनच मुक्कामाला असतात. थोड्या संख्येनं असतात आणि काही बिघडवत नाहीत.

बिघडतं ते वासरावर ताण आल्यावर. थंडी, भिजणं, टेम्पोतला प्रवास, शिंगाची कळी जाळणं, दूध तोडणं, अर्धपोटी राहणं किंवा एखाद्या विषाणूची सर्दी. ताण आला की नाकातले हेच जिवाणू काही तासांत बेसुमार वाढतात आणि श्वासाबरोबर खाली उतरतात. आयबीआर, आरएसव्ही यांसारखे विषाणू स्वतः वासराला फार वेळा मारत नाहीत, पण श्वासनलिकेचं अस्तर सोलून जिवाणूंना रस्ता करून देतात. म्हणून पहिले दोन दिवस नाकातून पाण्यासारखा स्राव आणि मग पिवळट घट्ट शेंबूड, असा क्रम दिसतो.

‘लागण कुठून झाली’ हा प्रश्न म्हणूनच अर्धाच आहे. अडवणारी व्यवस्था कधी ढिली पडली, हे शोधायला हवं.

अडवणारी व्यवस्था म्हणजे काय

श्वासनलिकेला आतून चिकट द्रवाचा पातळ थर असतो आणि त्याखाली सूक्ष्म केसांची लव. ही लव एकाच दिशेनं, घशाकडे, सतत हलत असते. साखर कारखान्याच्या गव्हाणीत ऊस वर चढवणारा पट्टा असतो ना, तसंच हे काम. धूळ, बुरशीचे कण, जिवाणू चिकट थरात अडकतात, लव त्यांना वर ढकलते आणि वासरू ते गिळून टाकतं. पट्टा चालू असेपर्यंत रोज हजारो जिवाणू आत शिरले तरी फरक पडत नाही. पट्टा थांबला आणि माल येतच राहिला, तर मात्र ढीग साचतो.

पट्टा थांबवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. मुताचा उग्र वायू म्हणजे अमोनिया, धूर, विषाणूची सर्दी आणि अंगातलं पाणी कमी होणं. यातल्या पहिल्या दोन पूर्णपणे आपल्या हातात आहेत.

गाईच्या फुफ्फुसाची ठेवणही इथे आड येते. शरीराच्या मानानं तिची फुफ्फुसं लहान असतात आणि त्यांचे भाग एकमेकांपासून बरेच वेगळे असतात. एक भाग तुंबला तर शेजारच्या भागातून तिथे हवा पोचत नाही. उजव्या फुफ्फुसाच्या पुढच्या भागाला तर मुख्य श्वासनलिका दुभंगण्याआधीच स्वतंत्र फाटा फुटतो. वरून आलेली घाण आधी तिथे उतरते. म्हणून वासराचा न्यूमोनिया बहुतेकदा उजव्या बाजूला, पुढच्या पायामागे, काखेच्या जवळ सुरू होतो. डॉक्टर स्टेथोस्कोप तिथे घुसवतात तो यासाठी.

मॅनहाइमियाचं वागणं आणखी वाईट आहे. तो एक विष सोडतो, जे गाई-म्हशींच्या पांढऱ्या पेशींना फोडतं. लढायला आलेल्या पेशी फुटल्या की त्यांच्या पोटातली तीव्र रसायनं फुफ्फुसातच सांडतात आणि तिथलं ऊतक जाळतात. म्हणजे नुकसान निम्मं जिवाणू करतो आणि निम्मं वासराचंच सैन्य. पुढे औषधाबरोबर सूज उतरवणारं इंजेक्शन का देतात, त्याचं उत्तर इथे आहे.

‘घटसर्पाची लस टोचली होती, तरी कसं झालं?’

हा प्रश्न रास्त आहे, कारण जनावरांचा घटसर्पही पाश्चुरेला मल्टोसिडामुळेच होतो. पण त्या जिवाणूचे प्रकार आहेत. आपल्याकडे घटसर्प करणारा बी प्रकारचा. तो रक्तात पसरतो, गळ्याला गरम सूज आणतो, घशातून घुरघुर आवाज येतो आणि म्हैस एक-दोन दिवसांत जाते. फुफ्फुसदाह करणारा पाश्चुरेला मुख्यतः ए प्रकारचा. एकाविरुद्ध तयार झालेली ताकद दुसऱ्यावर भरवशाची नाही.

घटसर्पाची लस पावसाळ्याआधी, मे-जूनमध्ये टोचायचीच. विशेषतः म्हशींना आणि सहा महिन्यांपुढच्या रेडकांना. पुण्यात औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होणारी ही लस सरकारी दवाखान्यांतून मिळते. पण तिच्याकडून दीड महिन्याच्या कालवडीचा न्यूमोनिया थांबेल अशी अपेक्षा ठेवू नये. अमेरिका-युरोपात मॅनहाइमिया, आरएसव्ही वगैरेंच्या लसी सर्रास वापरतात. आपल्या गावपातळीवरच्या लसीकरणात त्या नाहीत. म्हणून आपल्याकडे सगळा भार चीक, अंथरूण आणि हवा या तिघांवर येतो.

चीक: पहिल्या सहा तासांचा हिशेब

माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच वारेतून रोगप्रतिकारक घटक मिळतात. गाई-म्हशींच्या वारेची रचना अशी आहे की ते पलीकडे जातच नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात ते जवळजवळ शून्य असतात. मिळतात ते फक्त चिकातून आणि तेही ठरावीक वेळेतच. जन्मानंतर आतड्याचं अस्तर हे मोठे घटक जसेच्या तसे रक्तात सोडतं. तासागणिक हे दार बंद होत जातं आणि २४ तासांनी पूर्ण बंद होतं.

म्हणून वजनाच्या १० टक्के चीक, म्हणजे ३५ ते ४० किलोच्या होल्स्टीन संकरित वासराला साडेतीन ते चार लिटर, पहिल्या सहा तासांत पोटात गेला पाहिजे. त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. २०-२५ किलोच्या देशी वासराला दोन ते अडीच लिटर. नंतरच्या बारा तासांत आणखी एक-दोन लिटर.

चुकतं कुठे? सगळ्यात मोठी चूक म्हणजे वार पडेपर्यंत चीक न पाजणं. ‘आधी पाजला तर वार अडकते’ ही समजूत अजून गावोगाव आहे. खरं उलट आहे. वासराच्या लुचण्यानं गर्भाशय आवळतं आणि वार पडायला मदत होते. वार पडायला सहा-आठ तास लागले, तर वासराचे सोन्यासारखे सहा-आठ तास वाया जातात. दुसरी चूक खरवसाची. पहिल्या धारेचा चीक सगळ्यात दाट आणि सगळ्यात ताकदीचा, आणि नेमका तोच घरात किंवा शेजारी वाटायला जातो. खरवस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या चिकाचा करावा. थोडा पातळ होईल, पण होतो.

तिसरी चूक डोळ्यांना दिसत नाही. चीक दाट दिसला म्हणजे चांगला असतोच असं नाही. द्राक्षाची गोडी मोजायला बागायतदार जे ब्रिक्स मीटर वापरतात, त्याच्यावर चिकाचा एक थेंब टाकून पाहा. २२ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर चीक उत्तम. १८-२० आला तर प्रमाण वाढवून पाजा. नाशिक-सांगलीकडच्या कितीतरी घरांत हे यंत्र आधीच आहे.

चिकातून मिळालेली ही शिदोरी दर अडीच-तीन आठवड्यांनी साधारण निम्मी होत जाते. वासराची स्वतःची तयारी पुरेशी व्हायला दोन-तीन महिने लागतात. मधल्या काळात, तिसऱ्या ते दहाव्या आठवड्याच्या आसपास, दोन्हीकडून खड्डा पडतो. न्यूमोनियाची सर्वाधिक वासरं याच वयाची का असतात, ते आता कळेल. चीक भरपूर मिळालेल्या वासराला हा खड्डा उथळ असतो. उशिरा मिळालेलं वासरू थेट तळाशी जातं. गोठा एक, दूध एक, तरी एक कालवड जाते आणि दुसरी राहते, त्याचं उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं.

‘थंडी वाजू नये म्हणून तर गोठा झाकला’

आणि बहुतेक ठिकाणी नुकसान इथेच होतं, चांगल्या हेतूनं होतं. संध्याकाळी चारही बाजूंनी ताडपत्री आणि बारदान खाली सोडलं जातं. छताची फटही पोत्यानं बुजवली जाते. आत पाच-सहा वासरं, ओलं शेण, मूत. रात्रभर शेणातले जिवाणू मुतातल्या युरियाचा अमोनिया करतात आणि श्वासातली वाफ पत्र्याला लागून थेंबथेंब परत खाली पडते. सकाळी गोठा उघडताना डोळे चुरचुरले, तर रात्रभर त्या वासरांच्या श्वासनलिकेतली लव बधिर होती असं खुशाल समजा.

माणूस उभ्यानं वास घेतो. लहान वासरू दिवसातले १८ तासांच्या आसपास बसून असतं आणि त्याचं नाक जमिनीपासून फूटभर उंचीवर असतं. अमोनिया तिथेच तयार होतो. म्हणून पहाटे, गोठा उघडण्याआधी, वासराशेजारी गुडघे टेकून बसा आणि त्याच्या नाकाच्या उंचीवर दोन-चार श्वास घ्या. वास आला तर हवा कमी पडतेय. त्याच वेळी दुसरी परीक्षा होऊन जाते. २० सेकंदांनी उठून पायजमा बघा. गुडघे ओले झाले असतील तर वासराचं पोट रात्रभर ओलंच आहे.

वासराला नुसत्या थंड हवेचा फारसा त्रास होत नाही, ओल्या अंगावरून वाहणाऱ्या हवेचा होतो. नवजात वासराला १० ते १५ अंशांखाली ऊब टिकवायला जादा ऊर्जा जाळावी लागते. महिन्याभराचं, पोटभर प्यायलेलं आणि कोरड्या अंथरुणात बसलेलं वासरू त्याहून थंडी सहज काढतं. म्हणून पडदा बांधायचा तो खालून वर. जमिनीपासून चार फुटांपर्यंत बारदान पक्कं, त्याच्या वरचे दोन-तीन फूट मोकळे. वासरू बसतं तिथे वारा लागत नाही आणि कोंदट हवा वरून निघून जाते. पत्र्याचं छत दुपाखी असेल तर मधल्या कण्याला फट ठेवा. गोठ्याच्या दर १० फूट रुंदीमागे २ इंच हे माप चालतं. पाऊस आत येईल ही भीती असते, त्यासाठी फटीच्या वर अर्धा फूट उंचीवर वेगळी टोपी बसवता येते.

आणि अंथरूण. थंडीत सहा इंच जाडीचं कोरडं पाचट, भाताचा पेंढा किंवा गव्हाचं काड घाला. वासरू बसल्यावर त्याचे पाय त्यात दिसेनासे झाले पाहिजेत. पाय पूर्ण उघडे दिसत असतील तर अंथरूण नाहीच असं धरा. सोयाबीनच्या भुसकटात धूळ फार असते, ते टाळलेलं बरं. पाचटाला बुरशी आली असेल तर ते खतावर टाका. रबरी मॅट मोठ्या गाईला ठीक आहे, वासराला नाही. ती मूत शोषत नाही आणि गारच राहते. रोज ओला थर काढून वर कोरडा टाकायचा आणि १५ दिवसांनी सगळं उचलून जमीन उन्हात तापू द्यायची.

ओल्या जागेवर चुना भुरभुरण्याची सवयही तपासून पाहा. ओल्या मुतावर चुना पडला की अमोनिया जास्त सुटतो, शिवाय चुन्याची भुकटी थेट नाकात जाते. चुना मारायचा तो वासरं बाहेर काढून, जागा साफ आणि कोरडी करून. तसंच डासांसाठी संध्याकाळी गोवऱ्यांचा किंवा कडुनिंबाचा धूर. मोकळ्या अंगणात हरकत नाही, बंद गोठ्यात वासरांसाठी तो घातकच. त्याऐवजी मच्छरदाणीची जाळी लावा.

जागेचं माप सांगायचं तर आठ आठवड्यांपर्यंतच्या वासराला छताखाली १० आणि मोकळ्यात २० चौरस फूट हे पुस्तकातलं किमान. ढासणारी वासरं दरवर्षी निघत असतील, तर छताखालची जागाच २५-३० चौरस फुटांवर न्या. लहान वासरं मोठ्या जनावरांच्या श्वासापासून दूर ठेवावीत. मुक्त संचार गोठ्यात हे सोपं जातं, पण तिथेही गाईंवरून येणारा वारा लागेल अशा बाजूला वासरांचा कप्पा नको.

ओळखायचं कसं, आणि कधी

खोकला हे पहिलं लक्षण असतं हा गैरसमज आहे. अनेक वासरांना फुफ्फुसाचा मोठा भाग गेला तरी फारसा खोकला येत नाही. तोंड उघडं टाकून, मान लांब करून, भाता चालावा तसा श्वास घेणारं वासरू दिसतं, तेव्हा आजार चौथ्या-पाचव्या दिवशी पोचलेला असतो. पकडायचं आहे ते पहिल्या-दुसऱ्या दिवशी.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात वासरांसाठी गुण देण्याची एक सोपी पद्धत तयार झाली आहे. ती आपल्या गोठ्यातही चालते. चार गोष्टींना प्रत्येकी ० ते ३ गुण द्यायचे.

ताप: गुदद्वारात थर्मामीटर घालून मोजा. १०१ फॅरनहाइटच्या खाली ०, १०१ ते १०१.९ ला १, १०२ ते १०२.९ ला २, १०३ किंवा जास्त असेल तर ३.

खोकला: घशाच्या खाली श्वासनलिका बोटांनी हलकेच दाबा. खोकला आला नाही तर ०, एकदाच आला तर १, दाबल्यावर पुन्हा पुन्हा आला किंवा अधूनमधून आपोआप येत असेल तर २, सतत ढास असेल तर ३.

नाक: कोरडं किंवा पाण्यासारखं ०, एका नाकपुडीत थोडा गढूळ शेंबूड १, दोन्हींत २, दोन्हींतून भरपूर पिवळा-घट्ट वाहत असेल तर ३.

डोळे आणि कान: दोन्ही पाहायचे, ज्याला जास्त गुण तो धरायचा. डोळ्यात थोडी घाण १, दोन्ही डोळ्यांत मध्यम २, भरपूर ३. कान सारखे झटकत असेल तर १, एक कान किंचित पडलेला २, डोकं तिरकं किंवा दोन्ही कान पडलेले ३. पडलेला कान हलक्यात घेऊ नका, मायकोप्लाझ्मा कानाच्या आत शिरतो त्याची ती खूण असते.

बेरीज ५ किंवा जास्त झाली की डॉक्टरांना बोलवायचं. ४ आली तर संध्याकाळी परत मोजायचं. नुसता ताप बघून निर्णय घेऊ नये, कारण एप्रिल-मेच्या दुपारी धडधाकट वासराचंही तापमान १०३ च्या घरात जातं. पहाटे पाच-सहाला मोजलेला ताप खरा. त्याच वेळी बसलेल्या वासराची भकाळी (बरगड्यांमागची कूस) ३० सेकंद पाहून श्वास मोजा आणि दुप्पट करा. ३०-४० ठीक. थंड वेळी ५० च्या वर असेल तर बेरजेची वाट पाहू नका.

थर्मामीटरच्या टोकाला दोरी आणि दोरीला चिमटा बांधून तो शेपटीच्या केसांना लावा, म्हणजे पडून फुटणार नाही. टोक आतड्याच्या भिंतीला टेकलं पाहिजे. नुसतं शेणात खुपसलं तर आकडा कमी येतो.

‘एक इंजेक्शन दिलं, ताप उतरला, चार दिवसांनी परत का आला?’

तीन कारणं संभवतात. पहिलं, दिलेलं इंजेक्शन ताप उतरवणारं किंवा स्टिरॉइड होतं. स्टिरॉइडनं वासरू दोन तासांत उठून बसतं, दूधही पितं, पण प्रतिकारशक्ती दाबली जाते आणि जिवाणू मोकळे सुटतात. दुसरं, औषध बरोबर होतं पण अर्धवट दिलं. बहुतेक प्रतिजैविकं तीन ते पाच दिवस द्यावी लागतात. काही नव्या औषधांचा एकच डोस कित्येक दिवस फुफ्फुसात टिकतो, म्हणून ‘एकच सुई’ नेहमी चूक असते असं नाही. कोणतं औषध दिलं आणि ते किती दिवसांचं, हे डॉक्टरांना विचारून वहीत लिहून ठेवा. तिसरं, जिवाणूच वेगळा होता. मायकोप्लाझ्माला बाहेरची भिंतच नसते. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं जिवाणूची भिंत मोडून त्याला मारतात, त्यामुळे इथे ती निकामी ठरतात.

डोस कमी पडणं हे चौथं कारण म्हणायला हवं, कारण वजन अंदाजानं धरलं जातं. टेपनं पुढच्या पायांमागे छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी भागिले ६६०, हे किलोमध्ये वजन. घेर ३४ आणि लांबी ३२ इंच असेल तर साधारण ५६ किलो. हा आकडा डॉक्टर यायच्या आधी तयार ठेवा.

उपचार सुरू झाल्यावर २४ आणि ४८ तासांनी ताप मोजून डॉक्टरांना कळवा. ४८ तासांत ताप उतरला नाही आणि दूध पिण्याची इच्छा परत आली नाही, तर औषध बदलायचा निर्णय तेव्हाच व्हायला हवा. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं दुसरं प्रतिजैविक आणून देऊ नये. अर्धवट मारलेले जिवाणू औषधाला पक्के होतात आणि तेच पुढच्या वासराच्या नाकात जाऊन बसतात. जवळ डॉक्टर नसेल तर १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर आहे.

सूज आणि वेदनेसाठी मेलोक्झिकॅम मागा. जनावरांतलं डायक्लोफिनॅक २००६ पासून आणि किटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक २०२३ पासून बंद आहेत. ही औषधं दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. मेलोक्झिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे आणि वासरावर कामही चांगलं करतं.

काढा, तेल आणि बांबूचं नळकांडं

ओवा, हळद, अडुळसा यांच्या काढ्याबद्दल वाद घालायचा नाही. वाद आहे तो पाजण्याच्या रीतीबद्दल. वासराची मान वर ओढून, जीभ बाहेर काढून, नळकांड्यानं किंवा बाटलीनं भरभर ओतलं की द्रव सरळ श्वासनलिकेत जातो. तेल गेलं तर ते फुफ्फुसातून निघतच नाही. धाप लागलेल्या वासराला तर गिळायला आणि श्वास घ्यायला एका वेळी जमत नाही. पाजल्यानंतर दोन-तीन दिवसांत श्वासाला घाण वास यायला लागला, तर फुफ्फुस सडतंय असं समजावं. हा न्यूमोनिया क्वचितच बरा होतो.

दूधही निपलच्या बाटलीनं, गाईच्या सडाच्या उंचीवर धरून, वासराला स्वतः ओढू द्यावं. निपलचं भोक कापून मोठं करू नये. बाटली उलटी धरल्यावर दूध थेंब थेंब पडावं, धार लागू नये. आजारात दूध बंद करू नका, तीनऐवजी चार वेळा थोडं थोडं द्या. वासरू चोखतच नसेल तर ओतू नका, डॉक्टरांना नळीनं द्यायला सांगा.

देशी वासरांना होत नाही म्हणतात

होतो. खिलार, गीर, लाल कंधारी वासरांतही होतो आणि म्हशीच्या रेडकांत तर पुष्कळ. देशी वासरं बहुधा आईला लुचतात आणि मोकळ्यावर फिरतात, म्हणून प्रमाण कमी दिसतं. तेच गीर वासरू दावणीला, बंद पत्र्याखाली, मोजक्या दुधावर ठेवलं की फरक उरत नाही. नर रेडकाला दूध नाकारलं जातं आणि ते भुकेनं आधीच खचलेलं असतं. त्याच्या न्यूमोनियाचं खरं नाव उपासमार आहे, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

बाजारातून आणलेली कालवड

लोणी, घोडेगाव, काष्टी किंवा थेट पंजाब-हरियाणाहून आलेली जनावरं तहानलेली, थकलेली आणि अनोळखी जनावरांत मिसळून आलेली असतात. अमेरिकेत या आजाराला ‘शिपिंग फीव्हर’, म्हणजे प्रवासाचा ताप म्हणतात, आणि तो बहुधा प्रवासानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत उठतो. उतरवल्यावर आधी पाणी, मग कोरडा चारा द्या. खुराक दोन-तीन दिवसांनी हळूहळू सुरू करा. तीन आठवडे वेगळं बांधा आणि पहिले १४ दिवस रोज पहाटे ताप मोजा. जंतनाशक, टॅग, शिंगं जाळणं, लस हे सगळं ‘आलाय माणूस तर उरकून घेऊ’ म्हणून पहिल्याच दिवशी करू नका.

बरं झालेलं आणि मेलेलं वासरू

घट्ट झालेला फुफ्फुसाचा भाग नेहमी पूर्ववत होतो असं नाही. तिथे वण राहतो. अशी कालवड वजनात मागे पडते, उशिरा माजावर येते, पहिल्या वेतात दूध कमी देते आणि पुढच्या थंडीत पुन्हा ढासते. म्हणून बऱ्या झालेल्या कालवडींच्या टॅगशेजारी खूण ठेवा. विकायची की ठेवायची हे ठरवताना ती उपयोगी पडते.

वासरू दगावलं तर पुरण्याआधी शवविच्छेदन करून घ्या. नाका-तोंडातून न गोठणारं काळं रक्त येऊन अचानक मेलेलं जनावर मात्र उघडू नये, तिथे अँथ्रॅक्सची म्हणजे फाशी रोगाची शंका असते. एरवी डॉक्टर उजव्या फुफ्फुसाचा पुढचा भाग पाहतील. गडद लाल, घट्ट, आणि तुकडा पाण्यात टाकला तर बुडतो. निरोगी फुफ्फुस तरंगतं. बाधित आणि निरोगी यांच्या सीमेवरचा तुकडा निर्जंतुक डबीत, बर्फावर पण न गोठवता, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत किंवा पुण्याच्या रोग अन्वेषण विभागात पाठवता येतो. ज्या वासराला अजून प्रतिजैविक दिलेलं नाही, त्याचा नमुना सर्वांत उपयोगाचा. गोठ्यात दुसरं वासरू ढासत असेल तर पहिली सुई टोचण्याआधी त्याच्या नाकातला स्वॅब घ्यायला सांगा. कोणतं औषध लागू पडेल ते त्यातून चार-पाच दिवसांत कळतं, आणि तिसऱ्या-चौथ्या वासराच्या वेळी अंदाजानं औषध द्यावं लागत नाही.